पाचवा फोटो

"डोया झाक, पुष्पा. हालू नको," जीवराम म्हणाला.

पुष्पाने डोळे मिटले. स्टुडिओच्या फरशीवर चटई टाकून ती उताणी पडली होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकपुड्यांत कापूस, गळ्यात झेंडूचा हार. बाप उशाशी उभा. कॅमेऱ्यामागे कौतिक.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत कौतिकचा स्टुडिओ होता. मेलेल्या माणसांचे फोटो त्याने पुष्कळ काढले होते. जिवंत बाईचा मेल्यासारखा फोटो काढायची वेळ पहिलीच.

"कोणाला पाहिजे हा?" त्याने विचारलं.

"जावाईले दखाडनं शे. एरंडोलले."

"म्हणजे पोरगी मेली म्हणून सांगणार?"

"पटकीमां गई, घाईमां अग्नी दिधा, आसं सांगसू. पन फोटू दखाडाबिगर चुडामनले पटाव नही."

कौतिकच्या डोक्यात सणक गेली. नवऱ्याला पोरगी मेली म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या गावी तिचा पाट लावून पुन्हा पैसे घ्यायचे. असले बाप त्याने ऐकले होते. आज समोर बघत होता.

"पाट कुठे लावताय, आबा? गिऱ्हाईक तालेवार दिसतंय."

जीवरामचा जबडा आवळला. "तुम्ही फोटू काढा, भाऊ."

पुष्पाच्या गळ्याखाली काळानिळा वळ होता. कौतिकने तो बघितला. मग जीवरामचे जाडजूड हात बघितले.

चार फोटो झाले. पाचव्याला कापसाने तिला शिंक आली. ती धडपडत उठून बसली आणि सरळ कॅमेऱ्यात बघायला लागली. कौतिकच्या बोटाने आपोआप कळ दाबली.

"मी खरंच मरेल दिसस ना, भाऊ?" तिने विचारलं.

"पड ना खाले," जीवराम खेकसला. "पिंपळनेरनी गाडी चुकी जाई. मावशी वाट देखी ऱ्हायनी."

रोल संपला. जीवराम म्हणाला, "एकच छापा. बाकीना मन्हासमोर जाळा."

"आबा, बारातले तीन-चार तरी ठेवण्यासारखे निघतात."

"एकच."

पुष्पाने नाकातला कापूस काढला. "एकच ठेवा, भाऊ. बाकीना बठ्ठा जाळी टाका. तुमना पाया पडस."

पढवलेली मैना, कौतिक मनात म्हणाला.

त्या रात्री त्याने रोल धुतला. पाचवा फोटो बघून तो अंधाऱ्या खोलीत तसाच उभा राहिला. इतकी वर्षं नवरदेवांचे फेटे आणि सावकारांच्या ढेऱ्या काढण्यात गेली. असा चेहरा एकदाही हाती लागला नव्हता. कपाळावर मरणाचं कुंकू आणि खाली टक्क उघडे डोळे. हा जाळायचा? त्याला जाळवेना. का जाळवेना, ते मात्र त्याने स्वतःला वेगळंच सांगितलं: अन्याय होतोय, पुरावा राखला पाहिजे.

सकाळी जीवराम एकटाच आला. त्याच्यासमोर कौतिकने घमेल्यात निगेटिव्ह पेटवल्या. जीवराम शेवटचा तुकडा विझेपर्यंत बघत राहिला, मग फोटो धोतराच्या सोग्यात बांधून गेला. पाचवी निगेटिव्ह कौतिकच्या खिशात होती.

पुढच्या महिन्यात त्याने एरंडोलची एस.टी. पकडली. वाटभर त्याची छाती फुगलेली होती. बायको मेलेला चुडामण कुठे राहतो, हे स्टँडवर पहिल्याच माणसाने सांगितलं.

चुडामणच्या डोक्यावर केसांचे नुकते खुंट फुटले होते. माणूस मऊ बोलणारा. "या भाऊ, बसा. आई, पानी आन वं."

त्याची आई भागाबाई तांब्या घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. भिंतीवर हार घातलेले दोन फोटो होते. एक पुष्पाचा, कौतिकनेच काढलेला. शेजारी दुसऱ्या एका तरुण बाईचा, तिचेही डोळे मिटलेले. उजेड पार बिघडलेला, चेहरा अर्धा काळा. कोणा शिकाऊने काढलाय, कौतिकला वाटलं. घरातली लेक असेल.

त्याने पाकिटातून पाचवा फोटो काढून चुडामणच्या हातात ठेवला.

"हा त्याच दिवसाचा. तुमची बायको जिवंत आहे. सासऱ्याने फसवलं तुम्हाला."

चुडामण कितीतरी वेळ बघत राहिला. पुष्पाच्या चेहऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग हळूच हसला.

"कोठे शे ती?"

"पिंपळनेरला. मावशीकडे."

चुडामणने वाकून कौतिकच्या पायांना हात लावला. उभ्या आयुष्यात असं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं कौतिकला वाटलं.

चुडामण आत गेला. सदरा घालून, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट काखेत मारून तो बाहेर आला आणि आईकडे न बघता स्टँडच्या दिशेने चालू लागला.

"काकू, सून येईल आता घरी," कौतिक म्हणाला.

भागाबाईच्या हातातला तांब्या कलला होता. पाणी तिच्या पायांवर सांडत होतं, तिला कळत नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती.

"पहिलीना फोटू खरा व्हता, भाऊ," ती म्हणाली. "म्हनीसन हिना खोटा मीच काढाले लावा."