दारावरचा बिल्ला

मटार गोठवायच्या कारखान्यात, शीतखोलीत शिरताना आपला फोटोचा बिल्ला दारावर अडकवायचा आणि बाहेर येताना काढायचा, हा नियम उद्योग संघटनेच्या ताईंनी कुरकुरणाऱ्या मालकांच्या गळी उतरवला होता.

आज ताई सकाळीच तपासणीला आल्या होत्या, आणि दुपारी नेमका पॅकिंगच्या मशीनने पेट घेतला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. मुकादम धापा टाकत म्हणाला, "शीतखोलीच्या दारावर एक बिल्ला आहे! धुरात फोटो दिसला नाही."

आगीच्या बंबावरचे जवान आत जाऊन आले. "आत कोणी नाही."

"अहो, नीट बघा! माझा माणूस आहे आत!" मालकांना रडू फुटलं.

जवानाने आणलेला काजळलेला बिल्ला ताईंनी रुमालाने पुसला, आणि हसून मालकांच्याच हातावर ठेवला.

"हा घ्या तुमचा माणूस. सकाळी मला नियम दाखवायला थाटात अडकवलात, तो काढायचा कोणी?"