दोन चौकटींमधली जागा

"हे पान उद्या छापायला जाणार नाही," दादा म्हणाला आणि पानावर पंजा दाबून बसला, जणू ते उठून पळूनच जाणार होतं.

जेवणाच्या टेबलावर त्याच्या धाकट्या बहिणीचं अख्खं बालपण पसरलं होतं. सगळं शाईने काढलेलं, चौकटी पाडून, चित्रांतून सांगितलेलं. नकाशे काढणं हा धाकटीचा पोटापाण्याचा धंदा. ऑफिसात दिवसभर ती दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती काढायची. स्वतःचं घर कागदावर आणायला मात्र तिला चाळिशी उजाडावी लागली. त्याला कारण ग्रंथालयातलं एक कपाट. माणसांनी आपली आयुष्यं चित्रांतून सांगितलेली पुस्तकं त्यात होती. कोणी घर सोडून गेलेल्या बापाबद्दल सांगत होतं, कोणी स्वतःच्या आजारपणाबद्दल, आणि कोणाच्याच बोलण्यात आडपडदा नव्हता. पहिलं पुस्तक संपलं तेव्हा ती बसल्या जागी रडली. दुसऱ्या दिवशी शाईची बाटली विकत घेऊनच घरी आली.

दादाच्या लेखी हा सगळा पोरखेळ होता.

"केस पिकल्यावर कार्टून काढायची हौस आली, काढ बाई. माझं काही म्हणणं नाही. पण बाबांच्या नावाने शाळेत सभागृह होतंय. ज्या शाळेत ते मुख्याध्यापक होते, त्याच शाळेत. आणि तू नेमकी आत्ता त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडणार?"

"बाकीची पानं वाचलीस का? त्यांनी मला सायकल शिकवली, तेही आहे."

"मग तेवढंच ठेव ना!"

भांडण सगळं या एका पानाचं होतं. त्यावर दोनच चौकटी होत्या. पहिलीत बाबांचा उगारलेला हात. दुसरीत फरशीवर पडलेला आईचा चष्मा, एक काच तडकलेली. टेबलाखाली दडून बसलेल्या लहान मुलीला जेवढं दिसेल तेवढंच.

"वहिनी जिन्यावरून पडल्या होत्या," समोर बसलेले काका, बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले. "मी स्वतः त्यांना दवाखान्यात नेलंय. डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं."

आई खिडकीपाशी बसली होती. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, स्वतःच्या आईलासुद्धा तिने जिनाच सांगितला होता. बाबा गेले, पण तो जिना काही घरातून गेला नाही.

गेले काही महिने आई धाकटीच्या माघारी तिने ग्रंथालयातून आणलेली ती पुस्तकं चाळायची. चाळायची कसली, वाचायचीच. विचारलं तर म्हणायची, "चित्रं बघते गं नुसती." एकदा मात्र तिने एक पुस्तक हातात धरून विचारलं होतं, "ही बाई घरातलं सगळं सांगून बसलीय. हिला कोणी बोललं नसेल का?"

"बोलले असतील की."

"तरी छापलं?"

"तरी छापलं."

आईने पुस्तक मिटलं नव्हतं. पुन्हा पहिलं पान उघडलं होतं.

त्याच भरवशावर धाकटी आज सकाळी सगळ्यांसमोर बोलून गेली होती, की आई नको म्हणाली तर हे पान काढून टाकीन. बोलली आणि जीभ चावली. आईने आजवर बाबांविरुद्ध तोंडातून ब्र काढला नव्हता. हे पान गेलं तर उरलेलं पुस्तक म्हणजे एका सज्जन माणसाचा गौरवग्रंथ होता. तसला छापण्यापेक्षा शाईची बाटली मोरीत ओतलेली बरी, असं तिला वाटत होतं. पण शब्द देऊन बसली होती.

काका वकिलीतून निवृत्त झाले होते, सवयीतून नाही. ते खुर्चीत पुढे सरकले.

"हात उगारलेला पाहिलास?"

"हो."

"मारताना पाहिलंस?"

"नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले."

"म्हणजे पाहिलं नाहीस."

"नाही. म्हणून काढलंही नाही. नीट बघा ना, काका."

दादाने पंजा जरासा उचलला. दोन चौकटींच्या मधे कोरी जागा होती. इतर पानांवर अशी जागा बोटाएवढीही नव्हती, इथे मात्र हात मावेल एवढी सोडली होती. ती पुस्तकं वाचता वाचता धाकटीला एक गोष्ट पटली होती. आपली गोष्ट सांगताना जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगायचं नाही. तिथे कागद तसाच सोडायचा.

"वा! कोरा कागद म्हणजे पुरावा!" काका हसले. दादाही हसला, पोटभर. मग तो खिडकीकडे वळला.

"आई, आता तूच सांग हिला."

आई उठली. टेबलाशी आली, दादाचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि पान स्वतःकडे ओढलं. ती खूप वेळ बघत राहिली.

"असं नाही छापता यायचं हे," ती म्हणाली.

दादाने सुटकेचा श्वास सोडला. रडू आवरत धाकटीने पान घ्यायला हात पुढे केला, पण आईने ते सोडलं नाही. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तिने काकांकडे थेट पाहिलं.

"भाऊजी, डोळे हिने मिटले होते. माझे उघडे होते." मग मान न वळवताच ती लेकीला म्हणाली, "पेन्सिल दे गं इकडे."