शालू स्मृती संवादमाला

या संवादमालेतून रामरावांना मिळायचं ते एवढंच, वर्षाला एक प्रश्न. बाकी हार, फोटो, पेपरातलं नाव, पुण्याहून आलेल्या विचारवंतांची ओळखपाळख, हे सगळं त्या एका प्रश्नावर मिळालेली वरकड. आत्ताही स्टेजवरच्या चर्चेत त्यांचं लक्ष नव्हतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली होती आणि बायकांच्या रांगेत फिरत फिरत माईक शालूच्या हातात आला होता.

शालू म्हणजे त्यांची मुलगी. स्टेजवर हार घालून ठेवलेल्या फोटोतली, तीच.

जातीबाहेर लग्न करून ती अंबडहून परतूरला निघून गेली, तेव्हा रामरावांचे थोरले बंधू कारभारी यांनी भावकी बसवली आणि पोरगी मेली असं ठरवून टाकलं. रीतसर दहावा केला. पिंडाला कावळा शिवेना. जिवंत बाईच्या पिंडाला तो तरी कशाला शिवेल? शेवटी दर्भाचा कावळा शिववला आणि माणसं जेवायला बसली. मग मत्स्योदरी देवीपुढं रामराव आणि उषाबाई या नवराबायकोकडून कारभाऱ्यांनी शपथ घेतली. भेटायचं न्हाई, फोन न्हाई, निरोप न्हाई.

रामरावांनी शपथ मोडली नाही. तेवढी छाती त्यांना नव्हती. त्यांनी शपथेलाच खिडकी पाडली. मेलेल्या लेकीच्या नावानं संवादमाला काढायला कारभाऱ्यांची काय हरकत असणार, त्यांच्या दृष्टीनं तो मेल्याचा पक्का पुरावाच होता. सभेला कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. अध्यक्ष म्हणून रामरावांनी समारोपात सभेला उत्तर देऊ नये, असं काही शपथेत नव्हतं. मागं एकदा रांगेतून एका बाईनं विचारलं होतं, "पोरीला शिकायला लांब धाडावं का?" विचारवंत कुटुंबसंस्थेवर बोलत राहिले. समारोपात रामराव म्हणाले, "धाडावं. बिनघोर धाडावं." त्या जूनमध्ये शालूची लेक पुण्याला गेली.

अंबडमधली ओळखणारी माणसं ओळखून होती. पण जे दहाव्याचं जेवण जेवले होते, त्यांना शालू दिसायची नाही. त्यांची नजर तिच्यापाशी आली की पुढं सरकायची. तिच्या शेजारची खुर्ची कुणी न सांगता रिकामी राहायची. पहिल्या रांगेत बसणाऱ्या कारभाऱ्यांनाही ती कधी दिसली नव्हती.

यंदा उषाबाई जालन्याच्या दवाखान्यात होत्या. कुणाला बोलवायचं असेल त्याला बोलवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. आजची सभा सोडली तर कारभारी दिवसभर वॉर्डाच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. फक्त येत्या बेस्तवारी दुपारी त्यांना साखर कारखान्याच्या बैठकीला अंकुशनगरला जायचं होतं. लेक आपण होऊन आली तर ते शपथेत बसत होतं. तेवढा 'बेस्तवार' हा शब्द आज समारोपातून तिच्यापर्यंत जायला हवा होता.

"आठवणीनं सांगा," सकाळी उषाबाई म्हणाल्या होत्या. "भाषण करायला लागले की तुमी लई वाहवता."

शालूनं माईक तोंडाजवळ नेला. "माणूस शेवटच्या दुखण्यात असंल अन् त्याचं दार आपल्याला बंद असंल, तर भेटायला जाणारानं कवा जावं?"

"मुळात हा प्रश्न सत्तेचा आहे," स्टेजवरच्या प्राध्यापकांनी सुरुवात केली. आतापर्यंत रामराव नुसते विचारवंत बोलवत आले होते. विचारवंत श्रोत्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीशी बोलतात, त्यांची काही भीती नसते. यंदा कॉलेजवाल्यांनी हट्ट धरला म्हणून प्राध्यापकांच्या जोडीला सुमेधा ही चित्रकार बाई आणली होती. अन् चित्रकार बघतात.

सुमेधानं फोटोकडं बघितलं. मग माईक धरलेल्या बाईकडं. पुन्हा फोटोकडं.

"सर, एक मिनिट," ती प्राध्यापकांना म्हणाली. मग शालूकडं वळली. "भुवई तीच, हनुवटी तीच. वय तेवढं वाढलंय. हा फोटो तुमचाच ना?" तिच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसा तिला आनंद झाला होता.

सगळ्या माना वळल्या. आता शालू सगळ्यांना दिसत होती. काही बायकांनी पदर तोंडाला लावला. कारभारी उठून उभे राहिले. न दिसण्याची सोय त्यांच्यासाठीही संपली होती.

"बाई, तुमीच सांगून टाका," ते शालूकडं वळून म्हणाले. "कोन तुमी?"

शालूनं बापाकडं बघितलं. रामराव समोरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघत होते.

"ताई, तुमची नजर चुकून राह्यली," ती सुमेधाला म्हणाली. "फोटोतली मेली. दहावा झाला तिचा." तिनं माईक शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि दाराकडं निघाली.

"समारोप राहू दे, रामा," कारभारी म्हणाले. "बाईचे आभार मान अन् उठ. जेवणं थंडी होऊन राह्यली."

बेस्तवार रामरावांच्या जिभेवर होता. एक शब्द. सभा अजून उठली नव्हती, ती अजून दारात पोचली नव्हती. ते माईककडं वाकले.

"प्रश्नाबद्दल आभार, बाई."

कारभाऱ्यांचा शब्द राहिला, तोही पोरीच्याच तोंडून. सुमेधाला शाल-श्रीफळ मिळालं, गावाला वर्षभर पुरेल एवढं बोलणं. मोल दिलं ते या सभेला कधीच न आलेल्या उषाबाईंनी. बेस्तवारी दुपारी त्यांनी नर्सकडून वेणी घालून घेतली, आणि अंधार पडेपर्यंत दाराकडं तोंड करून पडून राहिल्या.