मांदेलीचा अर्धा वाटा

मुलुंडच्या बाजारातली कोळीण मांदेलीचा अर्धा वाटा कुणाला द्यायची नाही. म्हणून मुलगा मस्कतला गेल्यापासून एकटी पडलेली रत्नप्रभा आणि शेजारच्या विधवा मथुराबाई दर बुधवारी एकच वाटा घेऊन आपापल्या पिशवीत निम्मानिम्मा न्यायच्या. कोळणीने दोघींना ‘आजी’ म्हटलं की रत्नप्रभा मथुराबाईंकडे बोट दाखवून फणकारायची, “आजी ह्या! मी मावशी.” मथुराबाई पोट धरून हसायच्या. आज रत्नप्रभा एकटीच आली. कोळणीने सवयीने वाट्याचे दोन ढीग केले. “आजी कुठं राहिली गं मावशे?” “गेल्या. गुरुवारी, झोपेतच.” कोळणीचा हात थांबला. मग एक ढीग तिने हळूच पाटीत परत ओढला. “तू अर्धाच ने, मावशे. तुझ्यासाठी देते.” रत्नप्रभाने बरोबर आणलेली मथुराबाईंची हिरवी वायरची पिशवी उघडून पुढे धरली. “तोही टाक यात. आणि मावशी काय म्हणतेस? मला आजी म्हण आता.”