लिंबूटिंबू

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निनाददादानं लहानपणीचा सापाचा गेम घरातल्या नव्या, बोलणाऱ्या सिस्टिमवर चालवून दाखवला, तेव्हापासून तो रोज फोनवर आपले गुण सांगून धाकट्या बहिणीला, केतकीआजींना, पिडत होता. शेवटी आजींनीही दोन आठवडे खटपट करून आपल्या घरच्या तसल्याच सिस्टिमवर तोच गेम सुरू केला. त्यांचा साप भिंतीवर आपटला, स्वतःच्या शेपटीला चावला, पण मरायचं काही नाव घेईना.

"अगं, मी आउट का होत नाही?" आजींनी सिस्टिमला विचारलं.

"हरल्यावर बीपी वाढतं ना," सिस्टिम आदबीनं म्हणाली. "साठीपुढच्या सगळ्यांना मी लिंबूटिंबूच धरते."

आजींचं बीपी तेवढ्यानंच वाढलं. अख्खं बालपण दादानं त्यांना लिंबूटिंबू म्हणूनच खेळायला घेतलं होतं.

"मला पक्का भिडू धर," त्या कडाडल्या.

पुढच्या डावात साप बारा गुणांवर मेला. आजींनी लगेच दादाला फोन लावला. "दादा, मी आउट झाले."

"बारावर? शिक जरा," दादा म्हणाला. "माझा साप सहा महिन्यांत एकदाही मेला नाही."

सांगायला आजींनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"भारी खेळतोस रे, दादा," त्या म्हणाल्या.