मोकळी असेल तर बोलू नका

आकाशात माणसाला आधार असतो तो फक्त दुसऱ्या माणसाच्या शब्दाचा. या विमानतळावर तो आधार गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद करण्यात आला होता. तसं फ्लाइंग क्लबच्या सचिवांच्या सहीचं पत्रच रेडिओच्या वर भिंतीला चिकटवलेलं होतं : "अनधिकृत व्यक्तीने रेडिओवर बोलू नये. त्यामुळे येथे कंट्रोल टॉवर आहे असा वैमानिकांचा गैरसमज होतो."

अनधिकृत व्यक्ती एकच होती. तिला सगळे मामा म्हणत. गवत कापणं, कुत्री हाकलणं, इंधनाच्या टाकीला कुलूप लावणं ही तिची कामं. टॉवर नसला की उतरायची परवानगी कोणी कोणाला देत नाही. वैमानिकाने आपण कुठे आहोत, कुठल्या टोकाकडून उतरतोय हे रेडिओवर सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि आपापल्या जिवाचं बघायचं. पण इथल्या धावपट्टीला मधोमध उंचवटा. या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. दोन्ही टोकं दिसतात ती फक्त ऑफिसच्या खिडकीतून, आणि खिडकीशी एकोणीस वर्षं मामा. 'मोकळी आहे, ये' नाहीतर 'थांब जरा, कुत्रं आहे', एवढंच ते सांगायचे. गैरसमज म्हणतात तो हाच.

आज खिडकीजवळची खुर्ची चौकशी अधिकाऱ्याने घेतली होती. मामा दाराशी उभे. कोपऱ्यातल्या बाकावर चिमणीचे वडील, मांडीवर तिच्या हेडफोनचं खोकं. चिमणी हे मामांनीच ठेवलेलं नाव. विमान जरा वळवलं तरी रेडिओवर सांगणारी दुसरी कोणी नव्हती.

"दुसऱ्या विमानातले दंतवैद्य काय म्हणाले?" सचिवांनी विचारलं.

"त्यांनीही उतरण्याआधी घोषणा केली होती," अधिकारी म्हणाला. "स्वच्छ, खणखणीत, अगदी नियमाप्रमाणे. फक्त ज्या धावपट्टीवरून निघाले तिथल्याच फ्रिक्वेन्सीवर. बटण फिरवायचं राहिलं. तिथे ती तीन जणांनी ऐकली."

दंतवैद्यांचा नुसता खांदा मोडला होता. चिमणी उतरत असतानाच ते पलीकडच्या टोकाकडून उतरले होते, आणि उंचवट्यावर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली होती.

"मामा, तुम्ही गप्प होतात ना?" सचिव हळूच म्हणाले. "तसं सांगा म्हणजे झालं. नोकरीला धक्का नाही."

"मी बोललो," मामा म्हणाले. "लिहून घ्या, साहेब. पत्र माहीत असून बोललो."

अधिकाऱ्याने रेकॉर्डिंग लावलं. खरखर झाली आणि खोलीत चिमणी बोलायला लागली. वडिलांनी खोकं घट्ट धरलं.

"पूर्वेकडून उतरतेय. सगळ्यांनी ऐका. मामा, ठरल्याप्रमाणे हं. मोकळी असेल तर बोलू नका, नसेल तरच बोला. म्हणजे सचिवांचाही मान राहील."

मग शांतता. रेकॉर्डिंगवर ती सहा सेकंद होती.

"गप्प आहात. आले."

अधिकाऱ्याने यंत्र बंद केलं. सचिव पंख्याकडे बघत राहिले. वडिलांनी मान वर केली, आणि मामांना पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघता आलं नाही.

"मी बोललो हो," मामा म्हणाले. "ते दुसरं विमान मला दिसत होतं. मी माइक घेतला, दाबला आणि बोललो. तीनदा."

"यात तुमचा आवाज नाही."

"मग ते यंत्र खोटं आहे."

अधिकारी उठला. त्याने हुकावरचा माइक काढला, दाबला, कानाशी धरला. मग वायर बोटांत धरून ती कपाटामागे कुठे जाते ते बघायला हलकेच ओढली. वायर आली. ओढली तशी येतच राहिली आणि शेवटी तिचं टोक त्याच्या हातात आलं. टोकाला पिन नव्हती. नीट कापून, वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," सचिव म्हणाले. "खबरदारी म्हणून. एक तारखेलाच काढली. मामांना सांगायचं कारण नव्हतं, ते बोलणारच नव्हते."

महिनाभर मामा खरंच बोलले नव्हते. त्यामुळे त्यांनाही कळलं नव्हतं.

 बाहेर उंचवट्यापाशी दोन कुत्री ऐसपैस पसरली होती.

"काय म्हणाला होतात तिला?" वडिलांनी विचारलं.

"'चिमणे, वर जा.' एवढंच."

"ऐकायची तुमचं?"

"माझं ऐकायची. उलट उत्तर द्यायची, पण आधी ऐकायची."

वडिलांनी मान हलवली. घरी उलट क्रम होता, असं काहीतरी ते पुटपुटले.

अधिकाऱ्याने फॉर्म पुढे ओढला. सगळं भरून झालं होतं, शेवटचा एक रकाना उरला होता : अनधिकृत व्यक्तीने रेडिओवरून संदेश दिला काय? होय / नाही.

"होय लिहा, साहेब," मामा म्हणाले. "नोकरी गेली तर जाऊ दे. मी बोललो एवढं तरी कुठेतरी राहू दे."

"संदेश गेलाच नाही ना, मामा," अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजात कडकपणा नव्हता.

त्याने 'नाही'वर खूण केली.