आजोबांची निळी गाडी

"हरलात तर चावीचं नाव काढायचं नाही, बाबा," सुधीरने बजावलं.

"अरे, आधी हरू तर दे!" भास्करराव दिवाणाच्या कडेला सरसावून बसले. पैज त्यांचीच होती. गेल्या महिन्यात अलीगंजच्या चौकात त्यांनी स्कूटर थेट सब्जीच्या ठेल्यात घातली, तेव्हापासून चावी मुलाच्या खिशात. आयुष्यभर स्वतः गाडी हाकलेला माणूस आता दाढी करायलाही कुणाच्या तरी मागे बसून, नाहीतर सवाऱ्यांच्या टेम्पोत दाटीवाटीने जायचा. जिवावर यायचं अगदी! नजर आणि हात शाबूत आहेत हे दाखवायचं, तर नातीला तिच्याच व्हिडिओ गेममध्ये हरवायचं. बास.

हिंदी मुलखातच जन्मलेल्या अवनीने गेमची कॅसेट काढून फुंकर मारली आणि परत खोचली. पडद्यावर वरून दिसणारा रस्ता आला. लाल गाडी तिची, निळी आजोबांची.

गाडी पडद्यावर वर जात होती तोवर आजोबा झकास चालले होते. रस्ता खाली वळला आणि घोळ झाला. वळण उजवीकडे दिसलं, म्हणून त्यांनी उजवं बटण दाबलं. गाडी डावीकडच्या भिंतीवर!

"नीचे आते वक़्त उल्टा होता है, आजोबा! समझिए आप गाड़ी के अंदर बैठे हैं."

"मग आत बसव ना! मी काय आभाळातून स्कूटर चालवतो?" ते अंगासकट वळत होते. उजवा पाय ब्रेक शोधत फरशीवर आपटत होता. दुसऱ्या फेरीतही तेच. लाल गाडी कुठच्या कुठे गेली. आता जन्मभर मागेच बसायचं! त्यांनी बटण आणखी जोरात दाबलं.

शेवटच्या वळणावर लाल गाडी थांबली.

"बटन अटक गया," अवनी म्हणाली. तिचा अंगठा बटणावर नव्हताच. भास्कररावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. निळी गाडी भिंती घासत, धडपडत एकदाची रेघेपार गेली.

सुधीरने तोंड वाकडं करून चावी दिली. शब्द म्हणजे शब्द.

"चल गं अवनी, हजरतगंजला कुल्फी खाऊ!" भास्कररावांनी स्कूटर फाटकाबाहेर काढली, एका किकमध्ये सुरू केली आणि मागची सीट हाताने पुसली. "बस."

अवनीने सीटकडे पाहिलं. मग आजोबांकडे.

"आप चलिए, आजोबा," ती हळूच म्हणाली. "मैं टेम्पो से आती हूँ."